निंगव्वाचे चौकोन

सोलापूरच्या भवानी पेठेत गोधड्या शिवणाऱ्या बायका काही कमी नव्हत्या. कानडी घरांत गोधडीला कौदी म्हणतात. कौदी शिवायची म्हणजे अस्तर अंथरायचं, जुनं लुगडं टर्रकन फाडायचं, तुकडा बसेल तिथं बसवायचा, मग पुढचा फाडायचा. निंगव्वाला ही पद्धत बघवत नसे. "ही कौदी हाय व्हय? दुष्काळात भेगाळलेलं रान दिसतंय," असं ती शिवणारीच्या तोंडावर सांगे आणि पुढं चालू लागे.

तिची रीत वेगळी. वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून तिनं तळहाताएवढा एक चौकोन करून घेतला होता. त्याच्या कडा पायरीच्या दगडावर घासून गुळगुळीत केल्या होत्या. कुणी जुन्या कपड्यांचं गाठोडं आणलं की ती एकेक लुगडं उन्हाकडं धरून विरलेला भाग बघायची, पत्रा ठेवून कोळशानं रेघ मारायची आणि अख्ख्या गाठोड्याचे आधी चौकोन पाडायची. रंगारंगाचे गठ्ठे व्हायचे, प्रत्येक गठ्ठ्याला दोरा बांधायची. हे सगळं उरकल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही. गाठोडं आणणारी बाई समोर बसलेली असे. लग्नातल्या लुगड्यावर कात्री चालताना तिचे डोळे भरून आले, तर निंगव्वा हात न थांबवता म्हणे, "रडायचं होतं तर कापड घरीच ठेवायचं की. हितं कशाला आणलंस?"

तरी बायका तिच्याकडंच यायच्या. तिचा चौकोन धुण्याच्या दगडावर कितीही आपटला तरी जागचा हलत नसे. मात्र "निंगव्वाकडं जाऊन आले" म्हटलं, की गल्लीत पहिला प्रश्न असायचा, "मग? काय काय ऐकून आलीस?"

घरात तिचा नवरा गुरुबसप्पा होता. तो गिरणीत मागावर होता आणि आयुष्यभर मागाची खडखड ऐकून कानानं मंद झाला होता. तो खरंच मंद झाला होता, की निंगव्वाचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून तसा राहत होता, याबद्दल गल्लीत दोन मतं होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत धाकटा दीर कल्लप्पा राहायचा. तो कापडाच्या एका दुकानात गिऱ्हाइकांपुढं ठाण उलगडायच्या कामाला होता. त्याची बायको शिवम्मा म्हणजे निंगव्वाची धाकटी जाऊ. अंगण एक, नळ एक, तुळस नाही पण बेलाचं झाड एक. आणि ह्या दोघींमध्ये सरळ बोलणं बंद.

ते बंद झालं सासू गेली तेव्हा.

सासू सिद्धम्मा अर्धांगवायूनं पडून होती. ती पडून राहिली निंगव्वाच्या खोलीत. तिला कुशीवर वळवणं, भरवणं, तिचं हगणं-मुतणं काढणं, पाठीला राख-तेल लावणं, सगळं निंगव्वानं केलं. करताना ती बडबडायची, म्हातारीवर खेकसायची. पण म्हातारीच्या पाठीला शेवटपर्यंत एक जखम झाली नाही. म्हातारी गेली, कुंभारीहून नातेवाईक आले. शिवम्मा दारातच बसलेली. जो येईल त्याच्या गळ्यात पडून ती हंबरडा फोडे, मग डोळे पुसून चहा ठेवी. निंगव्वा तेव्हा मागच्या बाजूला म्हातारीचं अंथरूण धूत होती. कार्याच्या जेवणाला पंगत बसली तेव्हा कुंभारीचे चुलत सासरे वीरभद्रप्पा भाताचा घास घेता घेता सगळ्यांदेखत म्हणाले, "धाकटीनं सासूचं लई केलं बघा. पोटच्या लेकीनं केलं नसतं."

वाढताना निंगव्वाच्या हातातली पळी तशीच राहिली. शिवम्मानं मान खाली घातली. ती "नाही हो, अक्कानं केलं" म्हणेल म्हणून निंगव्वा थांबली. शिवम्मानं पदरानं डोळे पुसले आणि वीरभद्रप्पांच्या पानात आणखी आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूची लुगडी दोन सुनांत वाटायची होती. चांगली इरकली लुगडी, वापरून वापरून लोण्यासारखी मऊ झालेली. शिवम्मा अंघोळ करून आली तेव्हा निंगव्वा ओसरीवर बसली होती. पत्र्याचा चौकोन, कोळसा, कात्री बाजूला पडली होती आणि तिच्यासमोर गठ्ठे रचलेले होते. हिरवे, जांभळे, डाळिंबी. पेटीत एकही लुगडं शिल्लक नव्हतं.

"अक्का!" शिवम्मा ओरडली. "सासूची लुगडी वाटायची असत्यात. कापायची नसत्यात."

"वाटायला काय उरलंय? काल मान वाटून झाला की. सगळा तुझ्याच पदरात पडला."

"माझा वाटा कुटं हाय त्यात?"

"घे की. किती चौकोन पायजेत?"

"ह्याचं काय नेसू मी? कपाळाला लावू?"

"लाव. तितं जागा लई हाय तुला."

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तिसऱ्याला उद्देशून होऊ लागलं. निंगव्वा नळावरच्या घागरीला सांगायची, "हळू भर गं बाई, काही लोकांचा घसा रडून रडून सुकलाय, त्यांना आधी पाणी लागंल." शिवम्मा कोंबडीला हाकलायची, "हुश्श! दिसलं ते ओरबाडतीया. दुसऱ्याच्या वाट्याचं खाऊन पोट भरत न्हाय म्हणावं." निंगव्वा मग मांजराला बोलवायची. अशी वर्षं गेली. दोघींच्या नवऱ्यांनी मध्ये पडायचं सोडून दिलं. सिद्धम्माच्या लुगड्यांचे चौकोन निंगव्वाच्या पेटीत कडुनिंबाचा पाला घालून तसेच पडून राहिले. तिनं त्यांची कौदी शिवली नाही. गिऱ्हाइकाचं काम नसलं की पेटी उघडून गठ्ठे बघायची आणि परत झाकायची.

शिवम्माची लेक महानंदा हीच दोघींमधला एक दोर होती. लहानपणी ती शिवम्माच्या घरात जेवायची आणि निंगव्वाच्या घरात झोपायची. निंगव्वाला ती दोड्डव्वा म्हणायची, म्हणजे थोरली आई. निंगव्वा तिच्या वेणीला तेल लावताना केस ओढायची आणि वर "रडतीस कशाला, डोकं तुझं हाय, माझं न्हाय" म्हणायची. तरी पोर तिच्याचकडं वेणी घालायला यायची. तिचं लग्न होऊन ती अक्कलकोटच्या पुढं वागदरीला गेली. पहिलं बाळंतपण आलं तेव्हा सातव्या महिन्यात तिला माहेरी आणलं. सत्त्याहत्तर साल होतं ते. उन्हाळा तोंडावर आला होता.

त्यांच्यात रीत अशी, की बाळाला आधी कोरं कापड लावायचं नाही. बाळाची पहिली कौदी घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या नेसून झिजलेल्या लुगड्याची. ती जितकी म्हातारी आणि तिचं लुगडं जितकं मऊ तितकं चांगलं. पणजीचं मिळालं तर विचारायलाच नको. आणि शिवताना चौथा कोपरा मोकळा ठेवायचा. बाळाच्या आईच्या आईनं त्यात भाकरीचा एक घास ठेवायचा आणि मग कोपरा शिवून टाकायचा. कौदी उपाशी राहिली तर तिच्यात निजणारं पोर भुकेनं रडत राहतं, असं बायका मानत.

महानंदा आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पोट सांभाळत अंगण ओलांडून आली. निंगव्वा कुणाच्या तरी गाठोड्यावर रेघा मारत होती.

"दोड्डव्वा, आज्जीचे चौकोन हायत न्हवं?"

"हायत."

"मग माझ्या बाळाला कौदी शिव की."

निंगव्वानं कोळसा खाली ठेवला. ह्याच वाक्याची ती वाट बघत होती. पण ते हिच्या तोंडून नको होतं. "तुझ्या आईला मागू दे," ती म्हणाली. "हितं ओसरीवर येऊन, चार बायकांदेखत. सासूचं कुणी केलं ते सांगायचं, पदर पसरायचा आणि मागायचं. शिवते मग."

"अव्वा मागणार न्हाय. तुला म्हायती हाय."

"मग निजव पोराला पोत्यावर."

"दोड्डव्वा, पोर माझं हाय."

"सासू माझी होती," निंगव्वा म्हणाली आणि परत कोळसा उचलला.

महानंदानं हे आईला सांगितलं नाही. पण अंगण एकच. शिवम्मा पलीकडं तांदूळ निवडत सगळं ऐकत होती. तिनं सूप आपटलं. संध्याकाळी कल्लप्पा दुकानातून आला तेव्हा तिनं त्याच्याकडं एक मागणी केली. दोन दिवसांनी तो कागदात बांधलेला एक गठ्ठा घेऊन आला. दुकानात शर्टाच्या कापडाच्या नमुन्यांचे जाड पुठ्ठे यायचे, त्यांच्यावर एकेका रंगाचा चौकोन चिकटवलेला. हंगाम संपला की पुठ्ठे रद्दीत जायचे. तेच चौकोन सोडवून त्यानं आणले होते. सगळे टेरिलीनचे. आकाशी, पिस्ता, बदामी, बारीक रेघांचे, चौकड्यांचे. सगळे एका मापाचे, कडा यंत्रानं करवतीच्या दातांसारख्या कापलेल्या.

शिवम्मानं ते घरात नाही ठेवले. अंगणात, बरोबर निंगव्वाच्या ओसरीसमोर, चटई टाकून पसरले. शेजारची बाळाबाई पाणी न्यायला आली होती, तिला हात धरून बसवलं.

"बघ बाळाबाई, तयार हायत सगळे. पत्रा नको, कोळसा नको. काही बायकांचा जन्म गेला चौकोन कापण्यात. मशीन एका दणक्यात कापतंय."

"लई चकचकीत हायत की गं," बाळाबाई बिचकत म्हणाली. तिला दोन्ही घरांतून विरजण लागायचं.

निंगव्वा ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिली. तिनं खाली बघितलं आणि बाळाबाईलाच विचारलं, "बाळाबाई, कुणाच्या दुकानाचा रंगाचा डबा सांडला गं?"

"सांडला न्हाय, मांडलाय," शिवम्मा बाळाबाईकडं बघत म्हणाली. "पेटीत कुजवत न्हाय ठिवला."

"कोरं कापड हाय म्हणावं. पोराला घालायचं न्हवं."

"कोरं असू दे. कुणाच्या शिव्या खाऊन मऊ झालेलं न्हाय!"

बाळाबाईनं घागर उचलली आणि पाणी न भरताच निघून गेली.

शिवम्मा जिद्दीनं बसली. टेरिलीन सुईखालून निसटायचं. एक टाका घालून दुसरा घालीपर्यंत चौकोन तिरका व्हायचा. उन्हानं हात घामेजलेले, दोरा काळा पडलेला. निंगव्वा ओसरीवरून नुसती बघायची. एकदा तर मुद्दाम पाट घेऊन समोर बसली आणि शेंगा फोडत राहिली. शिवम्माच्या बोटात सुई गेली की फोडलेली शेंग तोंडात टाकायची.

पण आत, आपल्या खोलीत, दार लोटून तिनंही पेटी उघडली होती.

हे तिनं कुणाला कळू दिलं नाही. गुरुबसप्पानं बघितलं आणि कूस बदलली. म्हातारीच्या पाठीखालचं जुनं धोतर तिनं अस्तराला घेतलं आणि चौकोन मांडायला लागली. मध्ये डाळिंबी, त्याभोवती जांभळे, कडेला हिरवे. एकेक चौकोन हाताखालून जाताना ते लुगडं तिच्या डोळ्यांपुढं यायचं. हे गड्ड्याच्या जत्रेला नेसलेली. हे नेसवताना म्हातारीनं तोंडात धरलेला भात थुंकला होता आणि आपण तिच्या गालावर एक चापट दिली होती. नंतर तोंड धुवून त्याच गालाला हळद लावली होती. निंगव्वा टाका घालत गेली. जवळ जवळ, बारीक, एका ओळीत. तीन कोपरे बंद झाले. चौथ्यापाशी आली आणि थांबली. दोऱ्याला गाठ मारून तिनं कौदी घडी घातली.

आता शिवम्मा मागेल. बाळ झाल्यावर तरी मागेलच. नातवंडाचं तोंड बघून कुठली आजी हट्ट धरून बसते?

बाळ झालं. मुलगी. दवाखान्यातून टांग्यानं घरी आणलं तेव्हा निंगव्वा ओसरीवर उभी होती. भाकरतुकडा ओवाळून टाकायला शिवम्मानं शेजारणीला बोलवलं, थोरल्या जावेला नाही. बाळाला आत नेऊन टेरिलीनच्या कौदीवर निजवलं.

त्या वर्षी सोलापूरचं ऊन असं होतं, की दुपारी अंगणातली फरशी पायाला चटका द्यायची. टेरिलीन अंगाचा घाम शोषत नाही. पोरीच्या पाठीवर, मानेवर घामोळं उठलं. दुपारभर रडायची. अंगणापलीकडं निंगव्वाच्या हातातला कोळसा रेघ सोडून भलतीकडं जायचा. एकदा तिचा बाळाबाईच्या लुगड्याचा चौकोन वाकडा कापला गेला. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. ती दारात येऊन बेलाच्या झाडावरच्या कावळ्याला ओरडून म्हणाली, "अरे, कोऱ्या कापडाचा हट्ट लई झाला रं! पोराचं कातडं जाईल, नाक काही जाणार न्हाय कुणाचं!"

आतून शिवम्माचा आवाज आला, "कावळ्या, ज्याच्या पेटीत हाय त्यानं आणून द्यावं की. हात मोडलेत व्हय?"

"मागितल्याशिवाय भिकारी बी देत न्हाय!"

"भिकारी देत न्हाय. भिकारी घेतंय!"

रडणं चालूच होतं. मग ते थांबलं. दार उघडलं आणि महानंदा भर उन्हात, बाळाला पदराखाली धरून, अनवाणी अंगण ओलांडून आली. ओसरीवर चढली. निंगव्वाला काही न विचारता आत शिरली. पेटीवर घडी केलेली कौदी तिनं बघितली, उलगडली, जमिनीवर अंथरली आणि बाळाला वर ठेवलं.

बाळानं एकदा आळोखेपिळोखे दिले आणि हात पसरून ते गप्प झालं. गाल डाळिंबी चौकोनाला लागला होता.

निंगव्वा दारात उभी होती. तिला वाटत होतं, की आता बाळाजवळ बसावं. पण बाहेर अंगणात शिवम्मा आपल्या दाराला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. तिच्या तोंडावर हसू होतं की नव्हतं, हे उन्हात दिसत नव्हतं. निंगव्वाला मात्र ते दिसलं. न मागता मिळालं, असं ते हसू होतं.

"उचल," निंगव्वा म्हणाली.

"काय?"

"उचल पोरीला. चौथा कोपरा उघडा हाय. उपाशी कौदीवर पोर निजवत न्हाईत."

"मग घाल की घास!"

"मी घालायचा नसतो. तुझ्या आईनं घालायचा."

"तिला बोलव मग."

"तिनं आधी मागितलं पायजे."

"दोड्डव्वा, आत्ताच निजलीया ती. बघ तरी!"

निंगव्वानं बघितलं नाही. ती खाली बसली, दोन्ही हात बाळाच्या खाली घातले आणि त्याला कौदीवरून उचलून महानंदाच्या हातात दिलं. पोर दचकून जागं झालं आणि किंचाळायला लागलं.

महानंदानं पोरीला पदराखाली घेतलं. मग उठली. उंबऱ्यात थांबून अंगणातल्या आईला आणि आतल्या थोरल्या आईला, दोघींना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज्जीनं मरून सुटका करून घेतली. मला अजून दिवस काढायचेत हितं." त्यानंतर ती निंगव्वाच्या ओसरीला फिरकली नाही. हाक मारली तरी वळून बघायची नाही.

सव्वा महिना झाला. वागदरीहून न्यायला माणूस आला. दारात टांगा उभा, गल्लीतल्या बायका जमलेल्या, शिवम्मा पदर तोंडात धरून हुंदके देत होती. निंगव्वा आतून आली. तिच्या हातात कौदी होती. ती टांग्याजवळ गेली आणि कौदी महानंदाच्या मांडीवर ठेवू लागली.

महानंदानं हात आडवा धरला.

"घे," निंगव्वा म्हणाली. "तुझ्या पोरीची हाय."

"माझ्या सासूला मागू दे," महानंदा म्हणाली. आवाज शांत होता. "तुझ्या ओसरीवर येऊन, चार बायकांदेखत. मग घेईन."

बायकांत कुणीतरी खुसफुसलं. घोडं मान झटकत होतं. टांगा हलला, वळणावर गेला, दिसेनासा झाला. निंगव्वा हातात कौदी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी. लोक पांगले तरी उभीच. मग ती वळली, पण आपल्या ओसरीकडं गेली नाही. अंगण सरळ तिरकं कापून शिवम्माच्या उंबऱ्यापाशी गेली आणि कौदी आत टाकली. शिवम्मा भिंतीला टेकून बसली होती.

"कोपरा उघडा हाय," निंगव्वा म्हणाली. कोंबडीला नाही, मांजराला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ तिला.

शिवम्मानं डोळे पुसले. "मग?"

"घास घाल."

"माग."

निंगव्वा उसळली. "पोरगी गेली बिन कौदीची, आणि तुला मागणं पायजे?"

"तुला पायजे होतं तवा?" शिवम्मा उठली. "सासूचं तू केलंस. न्हाय म्हणलं व्हय मी कधी? पण तू मला हात तरी लावू दिलास? पाणी गरम करून आणलं तर दारातनं परत धाडलीस. 'तुला जमायचं न्हाय' म्हणलीस. पेज आणली, तर कुत्र्याला घातलीस. मग रडण्याशिवाय मला काय ठेवलं होतंस? तेवढंच माझ्या वाट्याला आलं, तेवढंच केलं!"

"पंगतीत बोलायचं होतंस."

"तू बोलू दिलंस कधी कुणाला?"

निंगव्वानं आत पडलेल्या कौदीकडं बघितलं. मग म्हणाली, "तुला जमलंच नसतं. तुझे हात थंड असत्यात. म्हातारी दचकायची."

"हे आत्ता सांगतीस?"

"आत्ता विचारलंस."

बेलाच्या झाडावर कावळा ओरडला. दोघींपैकी कुणी त्याला काही सांगितलं नाही. निंगव्वा उंबऱ्यावर टेकली. तिनं पदराचा शेव हातात घेतला, जरासा पुढं धरला. पसरला असंही नाही, आवरला असंही नाही.

"दे," ती म्हणाली.

शिवम्मा तिच्या त्या हाताकडं बघत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि दुरडीतल्या कडक भाकरीचा तुकडा मोडून घेऊन आली.

"मोठा हाय," निंगव्वा म्हणाली. "उंदीर लागंल."

"माझ्या नातीला हाय. तुझ्या पत्र्यानं मापू का?"

तिनं घास कोपऱ्यात सरकवला. निंगव्वानं कमरेची सुई काढली, दोरा ओवला आणि कोपरा शिवला. तिनं टाके घातले आणि शिवम्मानं कापड ताणून धरलं. निंगव्वा दोनदा म्हणाली, "ढिलं सोडू नको," आणि शिवम्मा दोनदा म्हणाली, "ओढतीस कशाला, फाटंल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं दोघी वागदरीला निघाल्या. एकीनं जावं आणि दुसरीनं राहावं, हे दोघींनाही मान्य नव्हतं. निंगव्वा पुढच्या बाकावर बसली, शिवम्मा मागच्या. कौदी कुणाच्या मांडीवर, यावरून स्टँडवर झालेली वादावादी कंडक्टरनं मिटवली. त्यानं ती वर, सामानाच्या फळीवर टाकली. अक्कलकोट येईपर्यंत दोघींची नजर वर होती.

महानंदाच्या सासूनं गूळ-पाणी दिलं. महानंदा बाळाला घेऊन आली. समोर बसलेल्या दोघींकडं तिनं आळीपाळीनं बघितलं. मग कौदी हातात घेऊन चौथा कोपरा बोटांनी चाचपला. आत भाकरीचा तुकडा कडकडला.

"कुणी कुणाला मागितलं?" तिनं विचारलं.

"हिनं," निंगव्वा म्हणाली.

"हिनं," शिवम्मा त्याच दमात म्हणाली.

महानंदा हसली नाही. तिनं कौदी जमिनीवर अंथरली आणि पोरीला वर निजवलं. पोरीनं पाय उचलले, क्षणभर छताकडं बघितलं आणि कौदी भिजवली.

दोघी एकदमच पुढं सरकल्या. निंगव्वानं पोरीच्या खाली हात घातला.

"राहू दे, धुवायला काढ," शिवम्मा म्हणाली. "पहिल्याच पाण्यात रंग जातोय का बघ, अक्का. डाळिंबी तर सगळा उतरंल."

"माझ्या चौकोनाचा रंग आजवर गेलेला न्हाय," निंगव्वा म्हणाली आणि तिनं पोरीच्या खालचा हात काढला नाही. "तुझ्या हातानं मात्र धुवू नको. आपटतीस."